कार्बन क्रेडिट म्हणजे दोन आकड्यांमधली वजाबाकी

मोहोळ तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. कार्बन प्रकल्प राबवणाऱ्या एका कंपनीचा प्रतिनिधी त्यांच्या बैठकीला येऊन गेला. बांधावर झाडे लावा, उसाचे पाचट जाळू नका, गोबरगॅस आणि सौर पंप वापरा, त्यातून तयार होणारी कार्बन क्रेडिट आम्ही परदेशात विकू आणि पैसे सभासदांच्या खात्यात जमा करू, असे त्याने सांगितले व चाळीस वर्षे मुदतीच्या कराराचा मसुदा हातात दिला. मसुद्यातील बेसलाइन, ॲडिशनॅलिटी, लीकेज, पर्मनन्स, बफर, व्हेरिफिकेशन आणि व्हिंटेज या शब्दांचा नेमका अर्थ काय, आणि सभासदांच्या जुन्या डाळिंब बागा, बांधावरची झाडे, ऊस, गोठे व सौर पंप यांपैकी कशाला खरोखर क्रेडिट मिळू शकते, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

मी या कामात साखर कारखान्यांच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पांमधून आलो. बगॅस, म्हणजे उसाचे चिपाड, जाळून तयार झालेली वीज महावितरणला देणाऱ्या प्रकल्पांची कागदपत्रे उत्सर्जन कमी करण्याच्या आंतरराष्ट्रीय क्योटो कराराच्या काळात तयार करता करता ही भाषा शिकलो आणि नंतर शेती व वनीकरणाच्या प्रकल्पांकडे वळलो. तेव्हापासून मी प्रत्येक बैठकीत एकच वाक्य आधी सांगतो: क्रेडिट झाडाला लागत नाही, ते वजाबाकीतून निघते. प्रकल्प नसता तर वातावरणात किती वायू गेला असता, हा पहिला आकडा. प्रकल्पामुळे प्रत्यक्षात किती गेला, हा दुसरा. पहिल्यातून दुसरा वजा करून जो फरक उरतो त्याचे टनांत मोजमाप झाले, तिसऱ्याने ते तपासले आणि नोंदवहीत त्याला क्रमांक मिळाला, की त्या एका टनाला एक क्रेडिट म्हणतात. दुसरा आकडा मोजता येतो. पहिला मोजता येत नाही, कारण तो न घडलेल्या गोष्टीचा आकडा आहे. या धंद्यातील जवळजवळ सगळे अवघड शब्द त्या न घडलेल्या गोष्टीचा अंदाज प्रामाणिक राहावा म्हणूनच जन्माला आले आहेत.

आधी टनाचे पाहू. टन म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा टन, पण मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड हे वायूही त्याच टनांत बदलून मोजले जातात. शंभर वर्षांच्या कालावधीत एक किलो मिथेन किती किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो, यावरून हा गुणक ठरतो. हवामान बदलावरील आंतरसरकारी समितीच्या पाचव्या अहवालानुसार मिथेनसाठी तो २८ आणि नायट्रस ऑक्साइडसाठी २६५ आहे. आपल्या शेतातील एक उदाहरण देतो. ४५ किलोच्या युरियाच्या पोत्यात सुमारे २०.७ किलो नत्र असते. त्यातील एक टक्का नत्र नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने हवेत जाते, असे प्रचलित गृहीतक धरले तर सुमारे ३२५ ग्रॅम वायू निघतो. ऐकायला हे किरकोळ वाटते, पण २६५ ने गुणल्यावर तेच ८६ किलो कार्बन डायऑक्साइडइतके भरते. म्हणून दोन पोती युरिया कमी टाकण्याचा हिशेब कधीकधी बांधावरच्या झाडाइतकाच भरतो. प्रतिनिधी मात्र झाडाचा फोटो दाखवतो, पोत्याचा दाखवत नाही.

आता बेसलाइन. मराठीत आधाररेषा म्हणतात, पण बोलताना सगळे बेसलाइनच म्हणतात. प्रकल्प आला नसता तर सर्वाधिक शक्यता असलेली परिस्थिती कोणती, तिचे हे वर्णन असते. गोबरगॅसच्या बाबतीत हा शब्द कसा फसवतो ते पाहा. शेणातून मिथेन निघतो, गोबरगॅसमध्ये तो जाळला जातो, म्हणजे भरपूर क्रेडिट मिळणार, असा सरळ हिशेब मांडला जातो. पण प्रश्न असा की आज ते शेण जाते कुठे? आपल्याकडे शेण उकिरड्यावर पडते, उन्हात वाळते, किंवा त्याच्या गोवऱ्या थापल्या जातात. हवा खेळती राहिल्यामुळे तिथे मिथेन फार थोडा तयार होतो. उष्ण हवामानात उघड्या ढिगाऱ्यासाठी प्रचलित गुणक मिथेनच्या एकूण क्षमतेच्या ५ टक्क्यांच्या आसपास आहे, तर परदेशातील मोठ्या गोठ्यांमध्ये शेणपाण्याची जी खोल तळी असतात त्यांच्यासाठी तोच सत्तर-ऐंशी टक्क्यांवर जातो. त्यामुळे तिकडच्या गोठ्याचा आकडा आपल्या दोन म्हशींच्या गोठ्याला चिकटवला, तर कागदावर क्रेडिट दिसतील आणि तपासणीच्या वेळी गळून पडतील. आपल्या गोबरगॅसचे खरे क्रेडिट येते ते चुलीतले सरपण वाचल्यामुळे, आणि तेथेही वाचलेले सरपण पुन्हा न वाढणाऱ्या झाडांतून आले होते का, हा उपप्रश्न उभा राहतो. सुधारित चुलींच्या प्रकल्पांत नेमका याच आकड्यावर आणि चुलीच्या वापराच्या दाव्यांवर वाद झाला. २०२४ मध्ये ‘नेचर सस्टेनॅबिलिटी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तपासलेल्या प्रकल्पांच्या नमुन्यात प्रत्यक्ष घटीच्या सुमारे नऊपट क्रेडिट दिली गेल्याचे दाखवले. अशा बातमीनंतर बाजारात भाव पडतो आणि प्रामाणिक प्रकल्पालाही त्याची झळ बसते.

बेसलाइनची जुळी बहीण म्हणजे ॲडिशनॅलिटी, म्हणजेच अतिरिक्तता. क्रेडिटचा पैसा मिळणार नसता तरी हे काम झालेच असते का? होय असे उत्तर असेल तर क्रेडिट नाही, मग ते काम कितीही चांगले असो. ही अट अनेकांना अन्यायाची वाटते, कारण ज्याने आधीच चांगले काम केले त्याला काहीच मिळत नाही. पण क्रेडिट विकत घेणारा त्याच्या जोरावर स्वतःचे एक टन उत्सर्जन चालू ठेवणार असतो. ज्या कामाला त्याच्या पैशाची गरजच नव्हती, त्याचे श्रेय त्याला दिले, तर हवेतला वायू एका टनाने वाढतो आणि कागदावर मात्र हिशेब जुळलेला दिसतो.

या कसोटीवर आपल्या सभासदांच्या डाळिंब बागा टिकत नाहीत, हे स्पष्ट सांगितलेले बरे. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा, मोहोळ या पट्ट्यात डाळिंब ही सर्रास होणारी लागवड आहे, सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, आणि शेतकरी बाग लावतो ती फळाच्या पैशासाठी. कार्बनचे नाव ऐकण्याआधी लावलेली बाग क्रेडिट मोजण्याच्या कोणत्याही गंभीर पद्धतीत अतिरिक्त ठरणार नाही. नव्या बागेलाही प्रचलित प्रथेची कसोटी आडवी येते, म्हणजे जे काम सर्रास चालते ते अतिरिक्त धरत नाहीत. शिवाय तेल्या किंवा मर रोग आला की बाग उपटून बांधावर जाळण्याखेरीज गत्यंतर नसते, हे आपल्या भागात सगळ्यांनी पाहिले आहे. बांधावर नव्याने लावलेल्या कडुनिंब, करंज, चिंच यांसारख्या झाडांची बाजू त्यामानाने भक्कम आहे, कारण वाटेला अडचण, पिकावर सावली आणि शेजाऱ्याशी भांडण या कारणांनी बांधावरची झाडे वाढण्याऐवजी कमी होत आली आहेत.

सौर पंपाचे प्रकरण मधले आहे. पाच अश्वशक्तीचा पंप म्हणजे सुमारे ३.७ किलोवॅट. तो वर्षाला हजार तास चालला तर ३,७०० युनिट होतात. देशाच्या वीजजाळ्यातील एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो, आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरण हा आकडा दरवर्षी प्रसिद्ध करते. म्हणजे एका पंपाचे वर्षाला अडीच टन. हिशेब सोपा आहे, अडचण दुसरीकडे आहे. पंपाच्या किमतीतील ९० टक्के रक्कम शासन भरत असेल, तर क्रेडिटच्या पैशामुळे पंप बसला असे म्हणणे कठीण जाते, आणि त्या घटीवर हक्क सभासदाचा, शासनाचा की पुरवठादाराचा, हे योजनेच्या अटी वाचल्याशिवाय ठरत नाही. त्याच सौर युनिटवर अक्षय ऊर्जा प्रमाणपत्र घेतले असेल तर कार्बन क्रेडिट पुन्हा घेता येत नाही. एकाच घटीवर दोन कागद निघाले की त्याला दुहेरी गणना म्हणतात, आणि या क्षेत्रात ते सर्वांत मोठे पाप मानले जाते.

उसाच्या पाचटावर मी जरा जास्त लिहितो, कारण तुमच्या कंपनीकडे खरोखर मोठे क्षेत्र आहे ते याच पिकाचे. तोडणी झाल्यावर एकरी समजा साडेतीन टन वाळलेले पाचट उरते आणि त्यातील ८० टक्के काडी लावल्यावर जळते. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हिशेबात धरत नाहीत. उसाने तो त्याच हंगामात हवेतून घेतलेला असतो, म्हणून त्याला जैवजन्य म्हणून वगळतात. बगॅसवर चालणाऱ्या बॉयलरच्या धुराड्यालाही हाच नियम लागू होतो, त्यामुळे सहवीज प्रकल्पांना क्रेडिट मिळाली ती कोळशाची वीज वाचवल्याबद्दल. पाचटाच्या धुरात उरतात ते मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड. जळलेल्या २.८ टनांमागे प्रचलित गुणकांनी मिथेन साडेसात किलो आणि नायट्रस ऑक्साइड सुमारे २०० ग्रॅम भरतो. वर सांगितलेल्या गुणकांनी गुणून बेरीज केली की एकरी साधारण २६० किलो येते, म्हणजे पाव टन. जाळणे थांबवल्याचे थेट क्रेडिट एवढेच. प्रतिनिधीने एकरी दोन-तीन क्रेडिट सांगितली असतील, तर उरलेला भाग तो मातीत साठणाऱ्या सेंद्रिय कर्बावर धरतो आहे.

मातीचा हिशेब ऐकायला सर्वांत आकर्षक आणि मोजायला सर्वांत कठीण आहे. एक एकर जमिनीचा वरचा ३० सेंटिमीटर थर घेतला आणि घनमीटरला १.३ टन वजन धरले, तर ती माती सुमारे १,५७८ टन भरते. सेंद्रिय कर्ब ०.५ वरून ०.६ टक्क्यांवर गेला, म्हणजे फक्त ०.१ ने वाढला, तर १.५८ टन कार्बन साठला, आणि तो कार्बन डायऑक्साइडमध्ये मोजला तर ५.८ टन. म्हणजे एकरी जवळजवळ सहा क्रेडिट! आता गंमत पाहा. त्याच शेतातील एकाच मातीचे दोन भाग करून मी एकदा दोन प्रयोगशाळांत पाठवले होते. उत्तरे आली ०.४८ आणि ०.६१. नांगर लागला नव्हता, खत पडले नव्हते, माती तीच होती, आणि कागदावर सात-साडेसात टनांचा फरक पडला. म्हणूनच चांगल्या पद्धती शेकडो नमुने, ठरलेली खोली, मातीची घनता, तीच प्रयोगशाळा आणि त्याबरोबर संगणकीय प्रारूप अशी जोडणी मागतात, आणि अनिश्चितता जितकी जास्त तितकी क्रेडिट कापतात. या कपातीला अनिश्चिततेची वजावट म्हणतात. मातीपरीक्षणाचा एक अहवाल पाहून एकरी क्रेडिटचा आकडा सांगणारा माणूस एकतर शिकाऊ आहे किंवा फारच शिकलेला आहे.

झाडाचेही गणित करून ठेवतो, म्हणजे पुढचे शब्द सोपे जातील. छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३ मीटरवर, टेपने घेर मोजायचा. घेर ६३ सेंटिमीटर आला तर व्यास २० सेंटिमीटर. एवढ्या कडुनिंबाचे मुळांसकट वाळलेले वजन समजा १५० किलो. त्यातील ४७ टक्के कार्बन म्हणजे ७०.५ किलो, आणि त्याला ४४ भागिले १२ ने, म्हणजे कार्बन डायऑक्साइड आणि कार्बन यांच्या वजनांच्या गुणोत्तराने, गुणले की २५८ किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे चार झाडांचे मिळून एक क्रेडिट, तेही आपल्या साडेपाचशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात झाड एवढे व्हायला दहा-बारा वर्षे लागल्यानंतर. चारशे झाडे जगवली तर बारा वर्षांत १०३ टन. जोखमीसाठी २० टक्के राखून ठेवले तर ८२ उरतात. भाव टनाला ८०० रुपये आणि सभासदाचा वाटा ६० टक्के मानला, तर बारा वर्षांचे सुमारे ३९,३६० रुपये, म्हणजे झाडामागे वर्षाला आठ रुपये. भाव आणि वाटा हे दोन्ही मी उदाहरणासाठी धरले आहेत, ते वरखाली होतील. तरीही आकड्याची जात तुमच्या लक्षात येईल. झाड लावावे ते सावलीसाठी, पाल्यासाठी, चिंचेसाठी. कार्बनचे पैसे वरकड समजावेत.

ते जे २० टक्के बाजूला ठेवले, त्यालाच बफर म्हणतात, आणि त्यामागचा शब्द आहे पर्मनन्स, म्हणजे स्थायित्व. कोळसा न जाळल्याने वाचलेला टन कायमचा वाचतो, पण झाडात साठलेला टन कुऱ्हाडीच्या एका घावाने किंवा वणव्याने परत हवेत जातो. असे झाले की त्याला उलटफेर मानतात आणि त्याची भरपाई या सामाईक राखीव साठ्यातून होते. हा साठा विमा कंपनीसारखा चालतो. फरक एवढाच की सभासदाने मुद्दाम झाड तोडले, तर भरपाई कोणी करायची, हे करारात लिहिलेले असते आणि बहुधा ते सभासदाच्या विरुद्ध लिहिलेले असते. चाळीस वर्षांची मुदत आली ती याच कारणाने. आज सही करणाऱ्याच्या नातवाला विहिरीसाठी किंवा घरासाठी ती जागा लागली, तर काय, हे कलम शोधा. सापडले नाही तर लिहून घ्या.

लीकेज म्हणजे गळती. प्रकल्पाच्या हद्दीत उत्सर्जन कमी झाले आणि हद्दीबाहेर तेवढेच वाढले, तर ती वाढ वजा करावी लागते. तुमच्याकडे याची दोन जिवंत उदाहरणे आहेत. काही सभासद पाचटाच्या गाठी करून बॉयलरच्या इंधनासाठी विकतात. त्यांनी ते शेतातच कुजवायला सुरुवात केली, तर घेणारा त्या जागी दुसरे काहीतरी जाळणार, आणि ते कोळसा असेल तर क्रेडिट उणे होईल. दुसरे उदाहरण मेंढ्यांचे. पडीक रानात झाडे लावून कुंपण घातले की पिढ्यान्‌पिढ्या तिथे बसणारे धनगरांचे कळप दुसऱ्या गायरानात जातात आणि ताण तिकडे सरकतो.

पडीक रानाचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट थोडी विषयाच्या कडेने सांगतो. सोलापूर जिल्ह्यातील उघडी माळराने नकाशावर ओसाड दिसतात आणि लागवडीच्या प्रस्तावात सर्वांत आधी त्यांच्यावर बोट ठेवले जाते. नान्नजचे माळढोक अभयारण्य आपल्यापासून दूर नाही. माळढोक, धाविक, लांडगा, काळवीट यांना झाडी नको, गवतच हवे. नैसर्गिक गवताळ प्रदेश मोडून केलेली लागवड आंतरराष्ट्रीय मानकांत अपात्र ठरू शकते, आणि ठरली नाही तरी मी तिच्या कागदावर सही करणार नाही. बांध, ओढ्याकाठ, विहिरीभोवतीची जागा एवढी भरपूर आहे.

आता कागदाचा प्रवास. प्रकल्पाचा आराखडा लिहिला जातो, त्यात कोणती पद्धती वापरली ते सांगितले जाते. मान्यताप्राप्त त्रयस्थ संस्था तो आराखडा नियमांत बसतो का ते पाहते, याला व्हॅलिडेशन म्हणतात आणि ते सुरुवातीला होते. पुढे दर काही वर्षांनी प्रत्यक्ष मोजमापाचा अहवाल तयार होतो आणि तो खरा आहे का ते तपासले जाते, याला व्हेरिफिकेशन किंवा पडताळणी म्हणतात. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. तपासणाऱ्या संस्थेला पैसे प्रकल्पवालाच देतो, ही या व्यवस्थेतील जुनी दुखरी नस आहे. पडताळणी झाल्यावर रजिस्ट्री, म्हणजे नोंदवही चालवणारी संस्था, क्रमांक देऊन क्रेडिट जारी करते. व्हेरा आणि गोल्ड स्टँडर्ड या दोन नोंदवह्या तुम्हाला वारंवार ऐकू येतील, आणि दोन्ही संकेतस्थळांवर कोणालाही पाहता येतात. घट ज्या वर्षात झाली ते वर्ष म्हणजे व्हिंटेज, आणि जुन्या व्हिंटेजला भाव बहुधा कमी मिळतो. घेणाऱ्याने क्रेडिट स्वतःच्या उत्सर्जनापोटी वापरले की ते नोंदवहीत कायमचे निवृत्त केले जाते आणि पुन्हा विकता येत नाही. ऑफसेट हा शब्द खरे तर या वापरासाठी आहे. क्रेडिट ही वस्तू, ऑफसेट हा तिचा उपयोग.

पडताळणीत काय घडते ते माझ्याच चुकीवरून सांगतो. एका सहवीज प्रकल्पात वीज मोजणाऱ्या मीटरच्या अचूकतेचे प्रमाणपत्र वेळेत नूतनीकरण करून घेण्याचे काम माझ्याकडे होते. गाळप हंगामाच्या गडबडीत चार महिने ते राहून गेले. पुढे मीटर तपासला तेव्हा तो बिनचूक निघाला, पण मधल्या चार महिन्यांच्या प्रत्येक नोंदीतून मीटरची कमाल अनुज्ञेय चूक वजा करावी लागली. मीटर बरोबर होता, वीज खरी होती, बगॅस खरा होता, आणि तरीही क्रेडिट गेली, कारण कागद नव्हता. त्या दिवसानंतर मी टेबलासमोर तारखांचा तक्ता टांगला, तो आजही आहे.

बाजार दोन प्रकारचे आहेत. कायद्याने बांधलेल्या उद्योगांचा बाजार सक्तीचा, आणि स्वतःहून घेणाऱ्या कंपन्यांचा ऐच्छिक. क्योटो कराराखालील स्वच्छ विकास यंत्रणेत आपल्या कारखान्यांनी कमावलेली क्रेडिट युरोपातील सक्तीच्या बाजारात जात. २००८ च्या सुमारास वीस युरोच्या आसपास असलेला भाव २०१२ अखेर एका युरोच्याही खाली आला, कारण मागणी आटली आणि युरोपने नव्या प्रकल्पांसाठी दार जवळजवळ बंद केले. तेव्हा ज्यांनी पाच वर्षांच्या उत्पन्नाच्या भरवशावर कर्जे काढली होती, त्यांचे चेहरे मला आठवतात. आता २०१५ च्या पॅरिस कराराच्या सहाव्या कलमाखाली नवी व्यवस्था आली आहे. त्यात भारतातील घट दुसऱ्या देशाच्या उद्दिष्टासाठी दिली, तर भारताला ती स्वतःच्या हिशेबातून वगळावी लागते. याला अनुरूप समायोजन म्हणतात, आणि त्यासाठी केंद्राची मंजुरी लागते. त्यामुळे “परदेशात विकू” हे वाक्य प्रतिनिधी म्हणतो तितके सरळ नाही. देशांतर्गत पाहिले तर २०२२ च्या ऊर्जा संवर्धन दुरुस्ती कायद्यानंतर २८ जून २०२३ रोजी कार्बन क्रेडिट ट्रेडिंग स्कीम अधिसूचित झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरमधील दुरुस्तीने, उद्दिष्ट न लादलेल्या घटकांनाही ऐच्छिक प्रकल्प नोंदवण्याची वाट मोकळी झाली. ऊर्जा दक्षता ब्युरो तिचा कारभार पाहतो. पर्यावरण मंत्रालयाचा ऑक्टोबर २०२३ चा ग्रीन क्रेडिट कार्यक्रम मात्र वेगळा आहे, तिथले क्रेडिट टनांत मोजले जात नाही. बैठकीत या दोन्हींची नावे एकाच दमात घेतली गेली असतील, तर तिथेच थांबवून विचारायला हवे होते.

करारात मी काय पाहीन ते सांगतो. वाटा विक्रीच्या एकूण रकमेवर आहे की खर्च वजा जाता उरलेल्या रकमेवर, हे पहिले. ६० टक्के ऐकायला गोड लागते, पण आराखडा, मोजणी, तपासणी, नोंदणी आणि प्रवास वजा झाल्यावर उरणाऱ्या रकमेचे ६० टक्के कधीकधी शून्याचे ६० टक्के असतात. विक्रीचा भाव सभासदाला कागदावर दाखवला जाईल का, हे दुसरे. सातबाऱ्यावर बहिणींची, काकांची, कुळाची नावे आहेत तिथे सही कोणाची, आणि वाटणीनंतर फेरफार झाला तर करार कोणाला बांधील, हे तिसरे. हाच गट नंबर दुसऱ्या एखाद्या कार्बन करारात आधीच दिलेला नाही ना, याची गावागावात जाऊन खात्री करा, कारण मागच्या दोन वर्षांत एकाच शेतावर दोन प्रतिनिधींनी खुणा केलेल्या मी पाहिल्या आहेत. कराराची मराठी प्रत मागा, आणि दोन्ही प्रतींत फरक आढळल्यास मराठी प्रत ग्राह्य धरली जाईल, असे वाक्य घालून घ्या. शेवटी त्या कंपनीला नोंदवहीतील तिच्या एखाद्या चालू प्रकल्पाचा क्रमांक विचारा. तो टाकून आराखडा, तपासणी अहवाल आणि आजवर जारी झालेली क्रेडिट तुम्हाला घरबसल्या पाहता येतील. क्रमांक नसेल तर तुमचे गाव हा त्यांचा पहिला प्रयोग आहे, असे समजून बोलणी करा.

माझा सल्ला विचाराल तर डाळिंब आणि सौर पंप या करारातून वगळा, गोबरगॅसचा विचार सरपण वापरणारी घरे मोजल्यानंतर करा, आणि बोलणी पाचट, नत्राची बचत व बांधावरची नवी झाडे एवढ्यांपुरती ठेवा. करार होवो न होवो, एक काम मात्र या तोडणीपासूनच सुरू करता येईल. पाचटाची बेसलाइन सिद्ध करायला मागच्या किमान तीन वर्षांचा पुरावा लागतो, आणि तो नंतर तयार करता येत नाही. सभासदवार एक वही करा. गट नंबर, लागण की खोडवा, तोडणीची तारीख, कारखान्याच्या वजनकाट्याची पावती, पाचट जाळले, कुजवले की विकले, आणि युरियाची पोती किती, एवढे रकाने पुरेत. जिथे जाळले तिथे जाळल्याचेच लिहा, लाजून कुजवले असे लिहू नका, कारण वजाबाकीतील पहिला आकडा त्याच नोंदीतून येणार आहे. पावत्यांवरची शाई दोन उन्हाळ्यांत उडते, म्हणून त्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा.